अनोळखी महानगरातला पहिला मुक्काम: तुम्ही कोणत्या भागात उतरलात?

मोठ्या शहरात पहिल्यांदा जायचे ठरले की विमानाचे तिकीट एका संध्याकाळी काढून होते, पण उतरायचे कोणत्या भागात, हा प्रश्न पंधरा पंधरा दिवस सुटत नाही. हॉटेलांची संकेतस्थळे खोलीची छायाचित्रे दाखवतात, पाहुण्यांनी दिलेले गुण दाखवतात, ‘शहराच्या मध्यापासून २.३ किलोमीटर’ असेही ठामपणे सांगतात. मात्र तो मध्य कोणी ठरवला, अंतर सरळ रेषेत मोजले की रस्त्याने, आणि वाटेत नदी, रेल्वेचे रूळ किंवा चढ आहे का, याबद्दल चकार शब्द नसतो.

माझी फजिती रोममध्ये झाली, म्हणून सुरुवात मीच करतो. पँथिऑन या प्राचीन मंदिरापासून चार मिनिटांवर खोली मिळाली याचा मला कोण आनंद झाला होता. जुन्या रोमच्या त्या गाभ्यात, म्हणजे पँथिऑन आणि नवोना चौकाच्या परिसरात, मेट्रोचे स्थानकच नाही, हे मी पाहिलेच नव्हते. त्या शहरात जिथे खणावे तिथे प्राचीन अवशेष लागतात, त्यामुळे भुयारी मार्ग बहुतेक या गाभ्याच्या कडेकडेने गेले आहेत. तेर्मिनी स्थानकावरून बसने लार्गो अर्जेंतिनाला उतरलो आणि तिथून पुढे दोन मोठ्या बॅगा ओढत निघालो. रस्त्यावर काळ्या दगडाचे मुठीएवढे चौकोनी ठोकळे बसवलेले असतात आणि दर दोन ठोकळ्यांमध्ये बोट जाईल एवढी फट असते. दुसऱ्या वळणावर एका चाकाचे रबर निघून गेले आणि उरलेले सहा दिवस ती बॅग एका पायाने लंगडत राहिली. रात्री साडेदहानंतर सहलींचे घोळके पांगले की त्याच गल्ल्यांमध्ये कारंज्याचे पाणी ऐकू येई, त्यामुळे तो भाग निवडल्याचा पश्चात्ताप मला आजही नाही. पाठीवरची पिशवी घेऊन जायला हवे होते, इतकेच.

या चर्चेच्या धाग्यावर आपापले अनुभव सविस्तर लिहावेत ही विनंती. हॉटेलचे नाव नको. भाग कोणता होता, तो का निवडला, पहिल्या दिवशी दारापर्यंत कसे पोहोचलात आणि परत गेलात तर तिथेच उतराल का, एवढे आले तरी वाचणाऱ्याला पुष्कळ उपयोग होईल.

लंडन, आधी हाउन्स्लो आणि मग अर्ल्स कोर्ट

आम्ही तिघे होतो: मी, यजमान आणि सात वर्षांची मुलगी. भाग निवडताना मी भुयारी रेल्वेचा नकाशा समोर ठेवला आणि तिथेच फसले. तो नकाशा हॅरी बेक यांनी १९३३ साली रूढ केलेल्या पद्धतीचा आहे. त्यात रेषा आडव्या, उभ्या किंवा तिरक्या असतात, स्थानके सोयीने मांडलेली असतात आणि अंतराचे प्रमाण पाळलेले नसते. मधला गजबजलेला भाग त्यात ताणून मोठा केलेला असतो, तर उपनगरे दाबून जवळ आणलेली असतात. विमानतळ आणि शहराच्या मध्यातले पिकाडिली सर्कस हे दोन्ही एकाच निळ्या रेषेवर दिसल्यामुळे मधले हाउन्स्लो मला दोन्हीकडून सोयीचे वाटले. प्रत्यक्षात शहरात पोहोचायला रोज पाऊण तासाहून अधिक वेळ जाई, आणि तोही एका बाजूचा.

प्रवासाचा शीण आम्ही सोसला असता, पण दुपारी खोलीवर परतता येत नाही, ही खरी अडचण ठरली. मूल बरोबर असताना दुपारचा एक तास पडून राहता आले तर संध्याकाळ हाती लागते. आम्ही मात्र सकाळी नऊला बाहेर पडलो की रात्रीच परतत असू, आणि मुलगी संग्रहालयाच्या बाकावर झोपलेली असे. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा अर्ल्स कोर्टला उतरलो. रेषा तीच निळी, विमानतळाहून गाडी न बदलता थेट, शिवाय डिस्ट्रिक्ट हा दुसरा भुयारी मार्गही तिथून जातो आणि स्थानकात लिफ्ट आहे. खोली इतकी लहान होती की बॅग उघडायची तर पलंगावरच, पण दुपारी अडीच वाजता तिथे पोहोचता येत होते.

उलट प्रकारची गंमतही सांगते. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर जेमतेम २६० मीटर आहे, पण नकाशावर ते इतर कोणत्याही दोन स्थानकांइतकेच दिसते. आम्ही त्यासाठी भुयारात उतरलो, लिफ्टच्या रांगेला कंटाळून कॉव्हेंट गार्डनचा गोल जिना चढलो आणि १९३ पायऱ्या संपल्यावर आपण कुठून निघालो होतो ते मागे वळून पाहिले. आणखी एक सूचना करते: जुने सल्ले तारीख पाहून वाचावेत. २०२२ मध्ये एलिझाबेथ हा नवा रेल्वेमार्ग सुरू झाल्यापासून हीथ्रो विमानतळ आणि पूर्व लंडन यांच्यातला हिशेबच बदलला आहे, आणि त्याआधी लिहिलेल्या सल्ल्यात तो मार्ग असणारच नाही.

टोकियो, शिंजुकू आणि उएनो

‘स्थानकापासून पाच मिनिटे’ हे वाक्य शिंजुकूला लागू करताना फार सावध राहावे लागते. त्या स्थानकातून रोज सुमारे तीस लाख प्रवासी ये-जा करतात आणि बाहेर पडण्याच्या वाटा दोनशेहून अधिक आहेत. माझे हॉटेल पश्चिम बाजूला होते आणि मी पूर्वेकडून बाहेर आलो. मधे रुळांचा इतका रुंद पट्टा आहे की ‘पलीकडे’ जाणे हाच स्वतंत्र प्रवास होतो. पत्ता हातात होता, पण तिथल्या बहुतेक रस्त्यांना नावे नसतात. पत्त्यात विभागाचा, मग चौकोनाचा आणि मग इमारतीचा क्रमांक असतो. क्रमांक वाचत वाचत मी पन्नास मिनिटे हिंडलो आणि अखेर एका सुरक्षारक्षकाने मला भुयारी वाटेने हॉटेलच्या पायऱ्यांपर्यंत आणून सोडले.

पुढचे चार दिवस मी उएनोला काढले. नारिता विमानतळाहून येणारी जलद गाडी तिथे सुमारे पाऊण तासात पोहोचते, स्थानक मोठे असले तरी आवाक्यातले वाटते, आणि शेजारीच उद्यान व संग्रहालये आहेत. मुळात टोकियोत मध्यवर्ती भाग शोधत बसण्यात अर्थ नाही, हे मला तिथे उमगले. यामानोते हा वर्तुळाकार रेल्वेमार्ग ३४.५ किलोमीटर लांब आहे, त्यावर ३० स्थानके आहेत आणि पूर्ण फेरीला साधारण तास लागतो. म्हणजे त्या वर्तुळावर कुठेही उतरलात तरी वर्तुळावरचे दुसरे कोणतेही ठिकाण फार तर अर्ध्या तासावर येते. त्यामुळे मी आता वर्तुळावरचे एखादे मध्यम आकाराचे स्थानक पाहतो आणि निश्चिंत होतो. गाड्या मात्र रात्रभर चालत नाहीत, मध्यरात्रीच्या सुमारास बंद होतात आणि पहाटे पुन्हा सुरू होतात, हे विसरू नये.

बर्लिन

धागाकर्त्यांनी ‘मध्य कोणी ठरवला’ असे विचारले आहे, त्यावर थोडेसे. बर्लिन १९६१ ते १९८९ भिंतीने दुभंगलेले होते, त्यामुळे तिथे पश्चिमेला प्राणिसंग्रहालयाच्या आसपास एक मध्य आहे आणि पूर्वेला अलेक्झांडरप्लाट्झच्या आसपास दुसरा. मी पश्चिमेकडचा निवडला आणि पाहायचे जवळजवळ सगळे पूर्वेकडे निघाले. गाड्या उत्तम असल्याने अडले काहीच नाही.

पॅरिस, पाचवा विभाग

आईला घेऊन गेले होते. तिचे दोन्ही गुडघे दुखतात. पॅरिसचे वीस विभाग मध्यापासून सुरू होऊन गोगलगायीच्या शंखासारखे घड्याळाच्या दिशेने फिरत बाहेर जातात, आणि पत्त्यातल्या ७५ ने सुरू होणाऱ्या पाच आकड्यांपैकी शेवटचे दोन म्हणजे विभागाचा क्रमांक, एवढा अभ्यास मी केला होता. सँ-मिशेलजवळ खोली घेतली, कारण विमानतळाहून येणारी उपनगरी गाडी तिथे थेट थांबते. नोत्र-दाम आणि नदी पायी अंतरावर. कागदावर यात खोट काढायला जागा नव्हती.

खोट जमिनीखाली होती. पॅरिसची मेट्रो १९०० साली सुरू झाली आणि तिची बहुतेक जुनी स्थानके जिन्यांचीच आहेत. प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे असा जुन्या जाळ्यातला मार्ग १४ क्रमांकाचा, आणि तोही १९९८ साली सुरू झालेला. गाडी बदलायची म्हणजे दहा पायऱ्या वर, बोगद्यातून चालणे, पुन्हा वीस पायऱ्या खाली, आणि फलाटावर पोहोचल्यावर कळावे की दिशा चुकली. आई तोंडाने तक्रार करीत नसे, पायऱ्या मोजत असे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका कठड्याला टेकून ती शांतपणे म्हणाली, ‘‘सहाशे चाळीस झाल्या गं.’’ त्या संध्याकाळपासून आम्ही मेट्रो सोडली आणि बस धरली. बसमध्ये चढायला पायरी नव्हती, खिडकीतून शहर दिसत होते, आणि आई पहिल्यांदाच बाहेर पाहून बोलू लागली. तेव्हापासून वडीलधारे बरोबर असतील तर मी मेट्रोच्या आधी हॉटेलच्या दाराशी कोणत्या बस थांबतात ते पाहते.

एक छोटी तळटीप जोडते: तिथे पहिला मजला म्हणजे जमिनीच्या वरचा मजला. मी लिफ्ट नसलेल्या हॉटेलात ‘पहिलाच तर मजला’ म्हणून खोली घेतली होती. रोज बावीस पायऱ्या चढून वर, तेवढ्याच उतरून खाली.

इस्तंबूल

चढाचा अनुभव माझाही आहे. गलाता मनोऱ्याजवळची खोली ट्रामच्या थांब्यापासून ६०० मीटरवर होती, आणि ते सगळे ६०० मीटर उभे होते. त्याच टेकडीवर १८७५ साली ५७३ मीटर लांबीची भुयारी रेल्वे बांधली गेली, लंडननंतरची जगातली दुसरी, आणि ती अजूनही चालते. दीडशे वर्षांपूर्वीच्या लोकांनाही हा चढ नकोसा होता, यावरून मी काय ते समजायला हवे होते.

दुसरी चूक विमानतळाची. या शहराला दोन विमानतळ आहेत, एक युरोपच्या बाजूला आणि दुसरा आशियाच्या. माझे विमान आशियाच्या बाजूला सबिहा ग्योकचेनला उतरले आणि मुक्काम युरोपात, म्हणजे दमलेल्या अवस्थेत खंड ओलांडणे आले. पुढच्या खेपेस मी आशियाच्याच बाजूच्या कादिक्यॉयला उतरलो. विमानतळाची मेट्रो तिथपर्यंत येते आणि समोरच्या धक्क्यावरून बोटीने वीसेक मिनिटांत युरोपच्या बाजूचे एमिनोन्यू. रोज सकाळी दूरवर घुमट आणि मिनार हळूहळू मोठे होत जाताना पाहणे ही त्या दूरच्या मुक्कामाची कमाई होती. ‘पाहण्याच्या जागांजवळच उतरावे’ हा आग्रह इथे मी धरणार नाही.

बँकॉक, सुखुम्वित

माझ्या हॉटेलचा पत्ता होता ‘सुखुम्वित’, आणि उन्नत रेल्वेही सुखुम्वितवरूनच जाते. मात्र हा रस्ता अतिशय लांब आहे आणि हॉटेल त्याला फुटलेल्या एका गल्लीच्या, म्हणजे सोईच्या, पार आत होते. एका बाजूला विषम आणि दुसऱ्या बाजूला सम क्रमांकाच्या सोई आहेत, पण त्या समोरासमोर येतीलच असे नाही. २१ क्रमांकाच्या जवळपास पलीकडे १६ असू शकते. पावसात, एका माणसापुरत्या पदपथावरून, मागून येणाऱ्या दुचाक्यांना वाट देत एक किलोमीटर आत जाणे रोज दोनदा घडले. सोईचा क्रमांक पाहिला होता, हॉटेल तिच्या किती आत आहे ते पाहिले नव्हते.

न्यूयॉर्क, लाँग आयलंड सिटी

एकटी प्रवास करते, त्यामुळे माझी पद्धत थोडी वेगळी आहे. नकाशावर मार्ग शोधताना मी दुपारची वेळ कधीच टाकत नाही; रात्री अकराची टाकते, आणि तीही शनिवारची. न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे चोवीस तास चालते हे खरे, पण रात्री गाड्या विरळ होतात आणि शनिवार-रविवारी दुरुस्तीच्या कामांमुळे मार्ग बदलतात, काही गाड्या मधली स्थानके गाळतात. नदीपलीकडचे लाँग आयलंड सिटी मी निवडले ते तिथे एकाहून अधिक मार्ग मिळतात म्हणून: एक बंद असला तरी दुसरा असतो. पहिल्याच शनिवारी हे कामी आले.

त्यानंतर मी स्थानक ते दार हा तुकडा रस्त्याच्या छायाचित्रांतून पावलोपावली पाहते. दोन्ही बाजूंना गोदामे असतील आणि खिडक्या नसतील तर नको म्हणते. लोक राहतात असे वाटले, तळमजल्यावर दिवे लागणारी दारे दिसली, की मग खोलीची छायाचित्रे उघडते. हेही सांगायला हवे की त्याच सहलीत शेवटच्या दोन रात्री हौसेने टाइम्स स्क्वेअरला काढल्या. पडदे ओढूनही छतावर जाहिरातींचा निळा-लाल उजेड फिरत होता आणि मी दोन्ही रात्री डोळ्यांवर ओढणी बांधून झोपले.

धागाकर्ता, पुन्हा एकदा

सर्वांचे मनापासून आभार. माझा पुढचा प्रवास टोकियोचा आहे आणि गंमत म्हणजे आरक्षण शिंजुकूचेच करून बसलो होतो. ते रद्द केलेले नाही. हॉटेलला फक्त एवढेच विचारले की मोठ्या बॅगा घेऊन येणाऱ्याने स्थानकाच्या कोणत्या दाराने बाहेर पडावे, आणि वाटेत जिने किती आहेत. दुसऱ्या दिवशी उत्तर आले. त्यात दाराचे नाव होते, लिफ्ट कोणत्या खांबामागे आहे ते होते, आणि कोणीतरी चालत येऊन काढलेली सात छायाचित्रे होती. शेवटच्या छायाचित्रात हॉटेलचे दार आहे. आता ती सातही छापून पारपत्राच्या पाकिटात ठेवली आहेत.