पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत ऐकता असा डेथ मेटल अल्बम कोणता? सध्या काय ऐकताय?

पुणे (धागा काढणारा)

डेथ मेटलचं (हेवी मेटलचा हा सर्वांत उग्र प्रकारांपैकी एक) एखादं सुटं गाणं ऐकून फारसं हाती लागत नाही, हे माझं ठाम मत आहे. गिटारची खरखर आणि घोगरा आवाज यांना कान सरावायलाच दोन गाणी जातात, खरी मजा त्यानंतर येते. यातले बरेच चांगले अल्बम तीस-चाळीस मिनिटांचे आहेत, म्हणजे एका बैठकीत सहज संपतात. तर सांगा, एकही गाणं न गाळता तुम्ही कोणता अल्बम ऐकता, आणि अलीकडे काय वाजतंय? लांबलचक याद्या नकोत. एकाच अल्बमबद्दल लिहा, पण त्यात तुम्हाला नेमकं काय ऐकू येतं ते लिहा.

सुरुवात मी करतो. डेथ या बँडचा 'ह्यूमन', १९९१. बँडचा गायक-गिटारवादक चक शुल्डिनरच्या १९८७ च्या 'स्क्रीम ब्लडी गोर'मध्ये प्रेतं आणि रक्त याखेरीज फारसं काही नव्हतं. अवघ्या चार वर्षांत हा माणूस माणसांच्या मनाबद्दल लिहायला लागला आणि त्यासाठी त्याला संगीतही वेगळं हवं झालं. सिनिक या बँडमधून त्याने गिटारवर पॉल मॅस्विडल आणि ड्रम्सवर शॉन राइनर्ट आणले, बेसला स्टीव्ह डिजॉर्जिओ. राइनर्ट तेव्हा जेमतेम विशीतला. त्याचा हात ऐका: वेग आहेच, पण झांजांवरची बारीक नक्षी जॅझवाल्याची आहे. 'कॉस्मिक सी'मध्ये तर शब्दच नाहीत. जुन्या मिश्रणात (मिक्समध्ये) बेस गाडला गेला होता. २०११ मध्ये नव्याने मिश्रण करून अल्बम पुन्हा निघाला, त्यात डिजॉर्जिओ काय करत होता ते कळतं. ज्यांनी फक्त जुना ऐकलाय त्यांनी दोन्ही लागोपाठ ऐकावेत.

नागपूर

धागा छान. 'ह्यूमन'बद्दल वाद नाही, पण एकही गाणं न गाळता म्हणाल तर मी डेथचाच 'सिम्बॉलिक' (१९९५) म्हणेन. जीन हॉग्लनचे ड्रम्स, आणि चाली इतक्या स्पष्ट की गुणगुणता येतात. शेवटचं 'पेरेनियल क्वेस्ट' आठ मिनिटांहून मोठं आहे आणि सगळा गदारोळ उतरून शांत गिटारवर संपतं. 'द साउंड ऑफ पर्सिव्हिअरन्स' (१९९८) जास्त अवघड आहे, जास्त कौतुकही त्याचंच होतं, पण त्याच्या शेवटी जुडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडचं 'पेनकिलर' येतं आणि माझ्या मते अल्बम तिथे सैल पडतो. चक डिसेंबर २००१ मध्ये मेंदूतल्या गाठीने गेला. वय चौतीस. त्या वयापर्यंत सात स्टुडिओ अल्बम, आणि एकही दुसऱ्यासारखा नाही.

डोंबिवली

मी गिटार वाजवतो, त्यामुळे माझं उत्तर गिटारच्या आवाजातून येणार. एन्टूम्ड या स्वीडिश बँडचा 'लेफ्ट हँड पाथ', १९९०. स्टॉकहोमचा सनलाइट स्टुडिओ, निर्माता टोमास स्कोग्सबर्ग.

हा आवाज कुठून आला ते सांगतो, कारण तो प्रकारच विलक्षण आहे. बॉस कंपनीचं 'एचएम-२ हेवी मेटल' नावाचं पेडल (गिटारचा आवाज बदलणारी पायाने दाबायची डबी) १९८३ मध्ये आलं होतं. साध्या हेवी मेटलसाठी बनवलेलं, फार नावाजलेलंही नाही. त्यावर चार नॉब: आवाज, खालचे सूर, वरचे सूर आणि डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजाची खरखर. स्टॉकहोमच्या पोरांनी चारही शेवटपर्यंत फिरवले आणि तारा खाली उतरवल्या. त्यातून जो आवाज निघाला तो लाकूड कापणाऱ्या यंत्रकरवतीचा. एन्टूम्डचे लोक आधी निहिलिस्ट नावाने वाजवायचे, तेव्हापासून हा आवाज घडत होता. मग डिसमेम्बरचा 'लाइक अॅन एव्हरफ्लोइंग स्ट्रीम' (१९९१) त्याच स्टुडिओतून आला आणि एका शहराची ओळखच ठरून गेली. डेथसारख्या फ्लोरिडाच्या बँडचा आवाज कोरडा, कापल्यासारखा स्वच्छ असतो. स्टॉकहोमचा अंगावर येतो आणि चिकटून राहतो.

पण नुसता आवाज असता तर मी इतकी वर्षं ऐकला नसता. शीर्षकगीतात शेवटी वेग थांबतो आणि 'फँटॅझम' या भयपटाची धून गिटारवर येते. तिथे गायक एल. जी. पेट्रोव्हचा आवाज नाही, काही नाही, फक्त ती उदास चाल. विशीही न गाठलेल्या पोरांना कुठे थांबायचं हे कळलं होतं. पेट्रोव्ह २०२१ मध्ये गेला.

नवीन शिकणाऱ्यांना एक सांगणं: पेडल जुनंच हवं म्हणून अवाच्या सवा पैसे मोजू नका. बॉसने स्वतःच त्याची नवी आवृत्ती काढली आहे आणि ती उत्तम आहे.

कोल्हापूर

बोल्ट थ्रोअर. 'दोज वन्स लॉयल', २००५. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीची बँड. युद्धावरची गाणी, पण जयजयकार नाही, मेलेल्या शिपायांची आठवण आहे. चाल मध्यम, पाय रोवून चालल्यासारखी. हा अल्बम झाल्यावर त्यांनी पुढचा लिहायला घेतला आणि याच्या तोडीचा होत नाही म्हणून सोडून दिला! पुढे ड्रमर मार्टिन कर्न्स २०१५ मध्ये अचानक गेला, आणि बरोबर एका वर्षाने त्यांनी बँडच बंद केली. दुसरा ड्रमर घेऊन दौरे करता आले असते. मला या लोकांबद्दल फार आदर आहे.

मिरज

मी तबला वाजवतो. धाकट्या भावामुळे मॉर्बिड एंजल या बँडचा 'अल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९) कानावर पडला, आता भावापेक्षा मीच जास्त ऐकतो.

माझं सगळं लक्ष ड्रमर पीट सँडोव्हलवर असतं. तो एल साल्व्हाडोरमध्ये जन्मलेला, आधी टेरोरायझर या ग्राइंडकोर (पंक आणि मेटलमधून आलेला अतिवेगवान प्रकार) बँडमध्ये वाजवायचा. त्याची खासियत ब्लास्ट बीट, म्हणजे स्नेअर (ड्रमसेटमधला करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) आणि बास ड्रम यांचे घाव अतिशय वेगात, सलग. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती नुसती बडबड वाटते. पण लयीच्या अंगाने ऐका. गिटारचा एक तुकडा ठरावीक मात्रांचा असतो, तो पुन्हा पुन्हा येतो, आणि खाली ड्रम्स कधी त्याच लयीत, कधी दुगुनीत, कधी एकदम अर्ध्यावर. तुकडा संपून पहिल्या घावावर सगळे एकत्र येतात ती जागा मला समेसारखी लागते. 'चॅपल ऑफ गूल्स'मध्ये मधेच सगळं संथ होतं, तिथे सँडोव्हल जी जागा मोकळी ठेवतो ती ऐकण्यासारखी आहे. द्रुत वाजवणारे पुष्कळ असतात. द्रुतातून ठायीत येताना वजन न सोडणारे थोडे.

एक विनंती. लयीचं काम असलेलं अलीकडचं काही कुणी सुचवेल का?

छत्रपती संभाजीनगर

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून कार्कस या बँडबद्दल मीच लिहायला हवं. त्यांच्या पहिल्या दोन अल्बमच्या गाण्यांत वैद्यकीय शब्दकोशातले शब्द ठासून भरलेले आहेत. आम्ही अहवालात लिहितो ते शब्द तिथे गाण्यात येतात. मुखपृष्ठांवर मांसाची कात्रणं असायची आणि ती करणारे जेफ वॉकर आणि बिल स्टीअर स्वतः शाकाहारी. मांस म्हणजे मांस, माणसाचं काय नि जनावराचं काय, असा त्यामागचा रोख मला दिसतो.

पण पूर्ण ऐकते तो 'हार्टवर्क' (१९९३). मुखपृष्ठावर एच. आर. गीगरचं शिल्प. इथे शवविच्छेदन संपलं, चाली आल्या, आणि तरीही धार गेली नाही. १९९९ मध्ये ड्रमर केन ओवेनला मेंदूत रक्तस्राव झाला, तो पुन्हा पूर्वीसारखा वाजवू शकला नाही. २०१३ मध्ये 'सर्जिकल स्टील' आला तेव्हा त्याला गाण्यातल्या साथीच्या आवाजांसाठी बोलावलं होतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

एक गोष्ट स्पष्ट लिहिते. कॅनिबल कॉर्प्स या बँडचं वादन उच्च दर्जाचं आहे हे मान्य, अॅलेक्स वेबस्टरच्या बेसला तोड नाही. पण त्यांच्या सुरुवातीच्या काही गाण्यांत बायकांवरची हिंसा ज्या चवीने लिहिली आहे ती मी ऐकत नाही. 'शब्द कळतच नाहीत, मग काय बिघडलं' हा युक्तिवाद मला पटत नाही, छापलेले असतात ते. कोल्हापूरकरांनी बोल्ट थ्रोअरचं नाव घेतलं म्हणून बरं वाटलं. त्यांच्या बेसवर जो बेंच होती, ऐंशीच्या दशकापासून अखेरपर्यंत.

पुणे (धागा काढणारा)

शब्दांबद्दलचा मुद्दा रास्त आहे. चकनेही तो रस्ता सोडला तो बहुधा याच कंटाळ्याने.

मुंबई, गिरगाव

धोबी तलावच्या रंगभवनात इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव व्हायचा त्या काळापासून मी ऐकतोय. शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथले कार्यक्रम थांबले, तरी मुंबईची मेटल थांबली नाही. इथल्या डेमॉनिक रेझरेक्शन या बँडचा 'दशावतार' (२०१७) मी अजून पूर्ण ऐकतो. मत्स्य, कूर्म, वराह असं करत कल्कीपर्यंत. साहिल मखिजाचा घोगरा आवाज आणि स्वच्छ आवाज आलटून पालटून येतात. लहानपणी आजीकडून ऐकलेला नरसिंह इथे जसा भेटतो तसा कुठल्याही पौराणिक मालिकेत भेटला नाही, कारण त्या कथेत मुळातच भय आहे आणि या संगीताला भय दाखवायची लाज वाटत नाही. साहिलचं 'डेमनस्टीलर' या नावाने केलेलं 'द प्रोपगंडा मशीन' (२०२३) हे त्याचं एकट्याचं काम, तेही जोरदार आहे.

आणि गटस्लिट! मुंबईचेच, याहून कितीतरी क्रूर वाजवतात. हैदराबादच्या गॉडलेसचा 'स्टेट्स ऑफ केऑस' (२०२१) ज्यांनी ऐकला नसेल त्यांनी आज ऐकावा.

सिंगापूर

गिरगावकरांच्या यादीत रुद्र घाला. इथली बँड, १९९२ पासून. 'ब्रह्मविद्या' या नावाची तीन अल्बमची मालिका (२००५, २००९, २०११) पूर्ण वेदान्तावर आहे. घरात उपनिषदांचं पठण ऐकत वाढलेल्या माणसाला संस्कृत श्लोक आणि त्यामागे येणारा डेथ मेटलचा घणाघात यात परकं काही वाटत नाही. पठणातही आवाज छातीतून, एका सुरात, जोराने काढायचा असतो.

टोरोंटो

सध्याचं लिहितो. गेल्या काही वर्षांत या संगीताला जो बहर आलाय तो नव्वदीच्या सुरुवातीनंतर पहिल्यांदाच, असं मला मनापासून वाटतं.

ब्लड इन्कँटेशनचा 'अॅब्सोल्यूट एल्सव्हेअर' (२०२४). डेन्व्हरची बँड, पण रेकॉर्डिंग बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत, जिथे डेव्हिड बोवीने १९७७ मध्ये 'हीरोज' केला. अल्बममध्ये दोनच रचना, प्रत्येकी तीन भागांच्या. टँजरीन ड्रीम या जर्मन सिंथेसायझर बँडचा थॉर्स्टन क्वेश्निंग पाहुणा म्हणून आहे. मॉर्बिड एंजलसारखा वेग चालू असताना दार उघडतं आणि सत्तरीतलं जर्मन सिंथेसायझर संगीत आत येतं. त्याआधीचा २०२२ चा त्यांचा अल्बम तर पूर्ण सिंथेसायझरचाच होता, तेव्हा पुष्कळ लोक रागावले होते. मला वाटतं तो सराव केला नसता तर हा अल्बम झाला नसता.

आमच्या गावची टूम मोल्ड. 'द एन्ड्युरिंग स्पिरिट' (२०२३). यात गातो तो ड्रमरच. एवढं किचकट वाजवत असताना! शेवटचं गाणं अकरा मिनिटांहून मोठं आहे आणि त्यात जॅझकडे झुकणाऱ्या मऊ जागा आहेत. धागाकर्त्यांना 'ह्यूमन' आवडतो म्हणजे हा आवडणारच.

ठाणे

मी अॅट द गेट्स लिहायला आले. 'स्लॉटर ऑफ द सोल', १९९५, स्वीडनमधल्या योटेबोरीची बँड. चौतीस मिनिटं, एक क्षण फुकट नाही. 'कोल्ड'मध्ये अँडी लारॉकचा पाहुणा गिटार सोलो आहे. बँडचा गायक टोमास लिंडबर्ग सप्टेंबर २०२५ मध्ये कर्करोगाने गेला, तेव्हापासून हाच चालू आहे. त्याचा आवाज इतरांसारखा पोटातून येणारा, खोल नव्हता. घसा फाटेपर्यंत विनवणी करणाऱ्या माणसाचा होता. बातमी आल्यावर 'ब्लाइंडेड बाय फिअर' लावलं आणि पूर्ण अल्बम उभ्यानेच ऐकला.

डोंबिवली

ठाणेकर, त्याच दिवशी आम्ही दोघं-तिघं तालमीला जमलो होतो. ठरलेलं काही वाजवलं नाही, 'स्लॉटर'मधलीच गाणी वाजवली.

नाशिक

मिरजकरांसाठी. अल्सरेट, न्यूझीलंडची बँड, तिघेच जण. 'स्टेअर इन्टू डेथ अँड बी स्टिल' (२०२०) आणि 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड' (२०२४). ड्रमर जेमी सेंट मेरा. आधी २०२० चा घ्या, त्यातलं शीर्षकगीत. लय मोजायचा पहिला प्रयत्न फसेल, कारण हा माणूस एकाच गिटारतुकड्याखाली दर वेळी वेगळं वाजवतो. गिटार सोडून फक्त झांजांवर कान ठेवा, मग तुकडा कुठे वळतो ते सापडतं.

आणि ते पचल्यावर गॉर्गट्सचा 'ऑब्स्क्युरा' (१९९८). क्युबेकच्या लुक लेमेची बँड. यात गिटार ओळखू येत नाही अशा तऱ्हेने वाजवलेली आहे, बेसूर वाटेल, पण एकेक सूर लिहून ठेवल्यासारखा जागच्या जागी येतो. 'क्लाउडेड' हे संथ गाणं आधी ऐका, बाकीचा अल्बम त्यातून उलगडतो. सम सापडली तर इथे नक्की लिहा.

मिरज

अल्सरेट लावलाय. दुसरं गाणं चालू आहे. झांजांचं बरोबर सांगितलंत.