मदत हवी आहे: तापल्यावर बंद पडणारी जुनी व्हॅन

नमस्कार मंडळी. बाबांची १९९६ची कार्ब्युरेटरवाली पेट्रोल व्हॅन आहे. खानापूर-बेळगाव बिनतक्रार धावते, पण जांबोटीहून कणकुंबीकडे जाताना इंजिन तापलं की अचानक बंद. वीस मिनिटं थांबलं की परत चालू! प्लग आणि पेट्रोल फिल्टर नवे टाकलेत.

परवा बंद पडल्यावर बघितलं. कार्ब्युरेटरच्या काचेत पेट्रोल दिसत होतं, पण प्लगची ठिणगी पिवळी, मरतुकडी. एरवी चांगली निळी पडते. इग्निशन कॉइलवर (प्लगला ठिणगीसाठी जोरदार वीज देते ती) ओलं फडकं ठेवलं तर पाच मिनिटांत सुरू झाली. म्हणून मला कॉइलचाच संशय. मेस्त्री मात्र पॉइंटचा कंडेन्सर म्हणतात (पॉइंट म्हणजे कॉइलची वीज तोडणारा-जोडणारा स्विच, कंडेन्सर त्यालाच जोडलेला असतो). थंड असताना मल्टिमीटरवर कॉइल ठीक दाखवते. दोन्हींतलं नक्की काय, हे कसं ओळखायचं? आईला दवाखान्यात न्यायची गाडी हीच आहे, लवकर सांगा.