दोन कुत्री, सासू-सासरे आणि अप्पर पेनिन्सुलातलं कँपिंग: मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही डेट्रॉईटजवळ ट्रॉयला राहतो. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गाडी घेऊन मिशिगनच्या अप्पर पेनिन्सुलात कँपिंगला जायचं चाललंय, म्हणजे नवरा, मी, चौथीतली लेक, सध्या साताऱ्याहून आलेले सासू-सासरे आणि आमची दोन कुत्री. राणी १२ वर्षांची लॅब्रॉडॉर, मागच्या पायांत संधिवात, औषध चालू आहे. चिकू शेल्टरमधून आणलेला, दोन वर्षांचा, अंगात दम भरपूर आणि खार दिसली की लीश धरणाऱ्यालाही ओढत नेतो. सगळे सांगतात कुत्र्यांना बोर्डिंगला ठेवा आणि निवांत जा, पण राणी आमच्याशिवाय नीट खात नाही आणि या वयात तिला अनोळखी जागी ठेवायला माझं मन अजिबात धजत नाही. पाणी म्हणजे तिचा जीव की प्राण, लेक सुपिरियर या अफाट तळ्याच्या काठावर तिला मनसोक्त बसू द्यायचंय, मग बाकीचं काही बघायचं राहिलं तरी चालेल.

कच्चा प्लॅन असा आहे. आय-७५ने सरळ वर, मॅकिनॉ पूल ओलांडून पहिला मुक्काम टक्वामेनन फॉल्स स्टेट पार्क, लोअर फॉल्सच्या कँपग्राउंडचं बुकिंग झालंय (सहा महिने आधी विंडो उघडते तेव्हाच केलं, नाहीतर उन्हाळ्यात मिळणं कठीण). स्टेट पार्कमध्ये सहा फुटांच्या लीशवर कुत्री चालतात, फक्त पोहण्यासाठी राखलेल्या बीचवर आणि इमारतींत नाही आणि एकटं बांधून सोडून जायचं नाही, इतकं वाचलंय. तिथलं पाणी चहासारखं तपकिरी असतं ते सीडरच्या दलदलीतल्या टॅनिनमुळे, घाण म्हणून नाही, हे बाबांना आधीच सांगून ठेवलंय नाहीतर ते कुत्र्यांना पाण्याच्या जवळ जाऊ देणार नाहीत. तिथून म्युनिसिंग आणि पिक्चर्ड रॉक्स, म्हणजे सुपिरियरच्या काठावरचे रंगीत कडे, नॅशनल पार्कवाल्यांच्या ताब्यातले. इथे माझी गाडी अडलीये.

पिक्चर्ड रॉक्सच्या आत गाडीने पोचता येतील अशी तीन कँपग्राउंड आहेत, लिटल बीव्हर लेक, ट्वेल्व्हमाइल बीच आणि हरिकेन रिव्हर. वीज नाही, शॉवर नाही, त्याचं आम्हाला काही वाटत नाही, पण आमच्या तारखांना तिन्ही फुल दाखवतायत. आणि ज्या चॅपल लूपचे फोटो सगळे टाकतात त्या ट्रेलवर कुत्री नेताच येत नाहीत. म्हणजे दोन गट करायचे, निम्मे ट्रेलवर आणि निम्मे कुत्र्यांजवळ? आईंचे गुडघे दुखतात त्यामुळे त्या तशाही लांब चालणार नाहीत, पण चिकूला एकट्या आईंच्या हातात द्यायला मी तयार नाही, त्याने एक हिसका दिला तरी त्या पडतील. तुम्ही असं केलंय का, कोण कोणाजवळ थांबलं, कुठे थांबलात, ते जरा डिटेलमध्ये सांगाल का.

दुसरं म्हणजे माश्या. सुपिरियरच्या काठावर उन्हाळ्यात चावऱ्या माश्या येतात आणि घोटे फोडून काढतात असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं. माणसं पँट घालतील, कुत्र्यांचं काय? आमचा नेहमीचा स्प्रे त्यांना मारला तर चालतो का?

तिसरं खाणं. आई तिखटमिठाच्या पुऱ्या, भाजणी, मेतकूट, लाडू सगळं करून घेणार आहेत आणि बाबांना ताटातला घास राणीला दिल्याशिवाय जेवण जात नाही. घरी मी लक्ष ठेवते, कँपवर अंधारात कोण काय भरवतंय ते कळणार नाही. त्यांना न दुखावता ठाम कसं सांगू?

परतताना मॅनिस्टीकजवळचा किच-इटी-किपी झरा बघायचाय, साधारण ४० फूट खोल, पाणी इतकं नितळ की तळ दिसतो, आणि तराफा लोक स्वतः चाक फिरवून ओढतात. लेकीला तेच करायचंय. तराफ्यावर कुत्री नेता येतात का? बाबांना सू सेंट मरीचे लॉक्स (जहाजं पाण्याने वर-खाली करणारे दरवाजे) पण बघायचेत, तिथवर गेलोच तर कॅनडाच्या बाजूला डोकावून यायचं का हाही एक प्रश्न.

वेळ काढून वाचलंत त्याबद्दल आधीच आभार.

---

प्रतिसाद:

ताई, चॅपल लूप सोडा असं मी स्पष्ट सांगेन. मायनर्स कॅसलचा व्ह्यू पॉइंट आणि मायनर्स बीच दोन्हीकडे लीशवर कुत्री चालतात, आणि राणीला हवंय ते सगळं मायनर्स बीचवर आहे, वाळू, उथळ काठ आणि समोर नजर पोचेल तिथपर्यंत पाणी. ज्याला कडे जवळून बघायचे त्याने बोटीची टूर घ्यावी, दोन बॅचमध्ये जा, पहिल्या बॅचला नवरा, लेक आणि बाबा, तोवर तुम्ही आणि आई बीचवर, चिकू तुमच्या हातात आणि राणी आईंजवळ. फक्त पाणी ऑगस्टमध्येसुद्धा गार असतं, सुपिरियर ४०६ मीटर खोल आहे, ते कधी नीट तापतच नाही. संधिवातवाल्या कुत्रीला थोडा वेळ भिजू द्या, लगेच कोरडं पुसा आणि पाठीवर काहीतरी पांघरा.

मुक्कामासाठी हायवाथा नॅशनल फॉरेस्टची कँपग्राउंड बघा, बे फर्नेस सुपिरियरच्या काठावर आहे, पीट्स लेक आतल्या तळ्यावर आहे. नॅशनल फॉरेस्टमध्ये बहुतेक ट्रेलवर लीश लावून कुत्री चालतात, तुमच्यासारख्यांना नॅशनल पार्कपेक्षा तेच बरं.

आणि पुलाबद्दल एक. मॅकिनॉच्या झुलत्या भागात आतली लेन उघड्या लोखंडी जाळीची आहे, टायरचा मोठा घुंघुं आवाज येतो, आमचा कुत्रा थरथरायला लागला होता. बाहेरची लेन डांबरी आहे, तीच धरा. जवळजवळ पाच मैल लांब आहे तो पूल.

---

प्रतिसाद:

माझ्याकडे तीन कुत्री आहेत आणि आम्ही दरवर्षी तिकडे जातो, म्हणून थोडं लांब लिहिते.

माणसांचा डीट (कीटक पळवणारं रसायन) असलेला स्प्रे कुत्र्यांना अजिबात मारू नका, ते अंग चाटतात आणि ते विष पोटात जातं. व्हेटकडून कुत्र्यांसाठीचंच औषध घ्या, गोचिडाची आणि हार्टवर्मची (डासांमुळे हृदयात होणाऱ्या जंतांची) गोळी चालू असेलच, नसेल तर निघायच्या आधी सुरू करा. रोज संध्याकाळी कानामागे, बगलेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडं बघा. त्या माश्या दक्षिणेचा वारा सुटला की काठावर गोळा होतात, म्हणून सकाळी वारा बघा, दक्षिणेचा असला तर तो दिवस जंगलात आणि धबधब्यावर घालवा, उत्तरेचा असला की बीच.

खाण्याचं मात्र गंभीरपणे घ्या. लाडवात बेदाणे असतील तर तो लाडू कुत्र्याला विष आहे, किडनी जाते. कांदा आणि लसूणही तसंच, म्हणजे थालीपीठ, भाजी, कांदा घातलेला उपमा सगळं बंद. बाबांना "देऊ नका" म्हणण्यापेक्षा त्यांच्या हातात काम द्या, राणीचा डबा त्यांच्याकडे, सकाळ-संध्याकाळ त्यांनीच भरवायचं आणि वर साधा मऊ भात किंवा उकडलेलं गाजर त्यांनीच द्यायचं. आमच्या वडिलांच्या बाबतीत हे केल्यावर ताटातलं देणं आपोआप थांबलं. आणि जेवण झालं की कुत्र्यांचं खाणं, वाडगे सगळं गाडीत बंद, तिकडे काळी अस्वलं आहेत.

आतल्या तळ्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी कधी कधी निळं-हिरवं शेवाळ धरतं. पाण्यावर हिरवट तवंग दिसला तर कुत्र्याला पाय पण बुडवू देऊ नका, त्याने काही तासांत कुत्री दगावतात.

लाकडं घरून नेऊ नका, तिथेच विकत घ्या. एमरल्ड ॲश बोरर ही कीड २००२ मध्ये आपल्या डेट्रॉईटजवळच सापडली आणि जळाऊ लाकडातून पसरत गेली, ॲशची झाडं संपवली तिने.

---

प्रतिसाद:

किच-इटी-किपीच्या तराफ्यावर आमचा बीगल लीशवर आला होता, काही अडचण आली नाही. शनिवार-रविवारी गर्दी असते, सकाळी लवकर जा.

कॅनडात जाऊन परत येताना कुत्र्यासाठी सीडीसीचा (अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्याचा) ऑनलाइन फॉर्म भरावा लागतो, १ ऑगस्ट २०२४ पासून, कुत्रा सहा महिन्यांच्या वरचा आणि मायक्रोचिप असलेला हवा. कॅनडात शिरताना रेबीजचं सर्टिफिकेट. सासू-सासऱ्यांच्या व्हिसाचं वेगळं बघा. एका दुपारसाठी मी हे करणार नाही, लॉक्स अमेरिकेच्या बाजूनेच छान दिसतात.

आणि कोणी आयल रॉयल (सुपिरियरमधलं बेट, नॅशनल पार्क) सुचवलं तर तिथे कुत्र्यांना पूर्ण बंदी आहे, बोटीत ठेवलेलं पण चालत नाही. ते बरोबरच आहे, कुत्र्यांमधून आलेल्या पार्व्हो या विषाणूमुळे तिथले लांडगे १९८० मध्ये ५० होते ते १९८२ पर्यंत १४ वर आले होते.

---

मूळ धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नेमकं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. चॅपल लूप कॅन्सल. बे फर्नेसला आमच्या तारखांना जागा दिसतेय, आज रात्री बुक करते, नाही मिळाली तर पीट्स लेक. बेदाण्यांचं वाचून आईंनी स्वतःच सांगितलं की लाडू बिनबेदाण्याचे करते, आणि डब्याची आयडिया बाबांना आवडलीये, राणीच्या औषधाच्या वेळा त्यांनी लगेच वहीत लिहून घेतल्या.

दोन गोष्टी अजून विचारते. राणीला टेंटमध्ये झोपवताना खाली काय घालता, थंडी जमिनीतून येते ना, माणसांचा फोमचा पॅड पुरतो की कॉट घ्यावी? आणि चिकू गडगडाटाला फार घाबरतो, रात्री वादळ आलं तर तुम्ही टेंटमध्येच थांबता की सगळे उठून गाडीत जाता? आमची मिनीव्हॅन आहे, मागची सीट पाडली तर कुत्री मावतील पण मग आई-बाबांना कुठे बसवायचं ते सुचत नाहीये.