गाडीच्या काचेवरची फिल्म: सरसकट बंदी की मोजून परवानगी?

अकोलेकर
मे महिन्यात अकोल्यात भर दुपारी उन्हात उभी असलेली गाडी उघडून बघा. स्टिअरिंगला हात लावता येत नाही, मुलांच्या सीटबेल्टच्या बकलचा चटका बसतो. तरी काचेवर ऊन अडवणारी प्लास्टिकची फिल्म लावली की दंडाची पावती ठरलेली!

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 100 सांगतो, की पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. तेवढा जात असेल, तर काच कारखान्यात रंगवली की मालकाने फिल्म लावली, याने काय बिघडतं? 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्म बंद केली ती तेव्हाच्या नियमाकडे बघून. 1 एप्रिल 2021 पासून नियमच बदलला, आतून प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात बसते. सप्टेंबर 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने याच आधारावर मर्यादेतली फिल्म चालेल असा निकाल दिला. मग आपल्याकडे अजून नखाने काचेची कड खरवडून दंड का?

रात्रपाळी
दुपारचं बोललात, रात्रीचं कोण बोलणार? मी सांगली-तासगाव पट्ट्यात रात्री गाडी चालवतो. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, कित्येकींना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. शेतरस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागताना बघायचं असतं ते बाजूच्याच काचेतून, तेही तिरकं. तिरकं बघितलं की आणखी प्रकाश गळतो. दिवसा 35 टक्क्यांची काच आतून काळी वाटत नाही, कारण डोळा जुळवून घेतो. अंधारात बाहुली आधीच पूर्ण उघडलेली असते, आणखी कुठून उघडणार? वय झालेल्या माणसाची तर तेवढीही उघडत नाही. माझं ठाम मत: बंदी हवी, तीही सरसकट.

काचकाम
फिल्म लावणं हाच माझा धंदा आहे, म्हणून हिशेब सांगतो. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "पन्नासवाली लावा, कायद्यात आहे ना." नाही! कायदा काच आणि फिल्म दोन्ही मिळून मोजतो. कंपनीतून आलेली हिरवट काच समजा 72 टक्के प्रकाश सोडते. तिच्यावर 50 ची फिल्म लावली की उरतात 36. म्हणजे बेकायदा. 70 ची लावली तर 50.4, जेमतेम पास. पुढची काच 78 ची असेल, तर 90 ची, जवळजवळ पारदर्शक फिल्मच बसते.

दुसरं, काळेपणा आणि गारवा यांचा संबंध लोक समजतात तेवढा नाही. उन्हातली निम्मी उष्णता डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येते. स्वस्त रंगीत फिल्म उजेड अडवते, स्वतः तापते आणि त्यातली बरीच उष्णता आत सोडते. चांगली सिरॅमिक फिल्म फिकी असूनही अवरक्त किरण अडवते. महाग पडते, म्हणून लोक काळी मागतात. अकोलेकर, तुमच्या उन्हाला काळी नको, ही हवी.

मृण्मयी
न्यायालयाचा 2012 चा आदेश गुन्हे रोखायला होता हे विसरू नका. काळ्या काचेआड आत काय चाललंय ते बाहेर दिसत नाही. पण रात्री सिग्नलला मी एकटी असते आणि शेजारचे दुचाकीवाले आत वाकून बघतात, तेव्हा मला माझ्या काचा गडद हव्याशा वाटतात. टॅक्सीत बसताना मात्र काळी काच दिसली तर मी चढत नाही. तेव्हा स्वतःच्या गाडीपुरतीही मी गडद काच मागणार नाही. बाहेरून आतली माणसं दिसलीच पाहिजेत.

अकोलेकर
मृण्मयीताई, बाजूची काच 50 टक्के प्रकाश सोडत असेल, तर दिवसा आतला माणूस दिसतो. काळी काच मीही मागत नाहीये. काचकाम, तुमचा हिशेब पटला, आणि माझ्या मुद्द्याला तो बळच देतो. नाक्यावर काचेतून जाणारा प्रकाश मोजणारा मीटर लावा, आकडा बघा, कमी भरला तर खुशाल दंड करा.

रात्रपाळी
मीटर कोणाकडे असतो? आमच्या रस्त्यावरच्या एकाही नाक्यावर मी तो पाहिलेला नाही. मीटर नसला की "माझी 70 ची आहे" असं 20 ची लावणाराही म्हणणार, आणि शिपाई अंदाजाने सोडणार किंवा अंदाजाने पैसे मागणार. काचेवर फिल्म आहे की नाही, एवढं तरी नखाने कळतं. केरळचा निकाल महाराष्ट्रात वजनदार दाखला आहे, बंधनकारक नाही.

काचकाम
मीटर दोन तुकड्यांचाही मिळतो, एक आत धरायचा, एक बाहेर, लगेच आकडा दिसतो. माझ्या दुकानात आहे, चौकीत ठेवणं अवघड नाही. फिल्म लावून झाल्यावर मी गिऱ्हाइकासमोर मोजतो आणि आकडा बिलावर लिहितो.

रात्रपाळी
बिलावरचा आकडा चालणार नाही, तुमच्यासारखे सगळे नसतात. आरटीओत मोजून गाडीच्या नोंदीत चढवा, पिवळ्या नंबरप्लेटच्या गाड्यांची दर फिटनेसला पुन्हा मोजणी करा. एवढं झालं तर बाजूच्या मागच्या काचांना माझी हरकत नाही. ड्रायव्हरच्या आणि त्याच्या शेजारच्या काचेला मात्र तेव्हाही राहील.