दुखापतींना नशीब म्हणणं बंद करा, बेंचच रिकामा ठेवला तर दुसरं काय होणार?

अलका_ते_अॅनफिल्ड

काल गुडलक कॅफेला बसलो असताना मित्राशी जोरात वाद झाला आणि तो अर्ध्यावर राहिला म्हणून इथे मांडतो. तो म्हणे मेन प्लेअर जखमी झाले की सीझन गेला, त्यात क्लबचा काय दोष, नशिबाचा भाग. मला हे मुळातच मान्य नाही. नक्की कोण पडणार ते कोणालाच सांगता येत नाही, पण दहा महिन्यांच्या सीझनमधे पाचसहा जण पडणार हे तर प्री-सीझनलाच माहीत असतं ना? पाऊस कुठल्या तारखेला येणार ते माहीत नसतं म्हणून कोणी ताडपत्री घालायची थांबत नाही.

मी लिव्हरपूलचा, म्हणून घरचंच उदाहरण देतो. २०१९-२० ला ९९ पॉइंट्स घेऊन तीस वर्षांनी लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात डिफेंडर लव्हरेन झेनितला विकला आणि त्याच्या जागी कोणीच घेतलं नाही. उरले तीन स्टॉपर (मागे मधोमध उभे राहणारे डिफेंडर), व्हॅन डाइक, गोमेझ आणि मॅटिप, त्यातला मॅटिप अख्खा सीझन टिकत नाही हे शाळेतल्या पोरालाही माहीत होतं. १७ ऑक्टोबर २०२० ला एव्हर्टनविरुद्ध त्यांचा गोलकीपर पिकफर्ड आडवा आला आणि व्हॅन डाइकचा गुडघा गेला, नोव्हेंबरमधे गोमेझ इंग्लंडच्या सरावात गेला, जानेवारीत मॅटिप. मग मिडफिल्डच्या फाबिन्यो आणि हेंडरसनला मागे खेळवलं आणि खरा घात तिथे झाला, कारण मागचं भोक बुजवायला मधला बांध फोडला. घरी लीगमधे ६८ मॅच न हरलेली टीम अॅनफिल्डवर लागोपाठ सहा हरली. जानेवारीच्या ट्रान्सफर विंडोच्या शेवटच्या दिवशी धावपळ करून कबाक लोनवर (उसना) आणला आणि प्रेस्टनचा बेन डेव्हिस विकत घेतला, तो डेव्हिस तर लिव्हरपूलकडून एकही ऑफिशियल मॅच खेळला नाही. जुलैत डोकं शांत ठेवून एक बरा चौथा स्टॉपर घेतला असता तर यातलं निम्मं टळलं असतं. याला नशीब म्हणणाऱ्यांनी मला समजावून सांगा.

कोथरूडचा_माद्रिदिस्ता

उदाहरण मान्य, त्यातून तुम्ही जे काढताय ते अजिबात मान्य नाही. आमचा, रेआल माद्रिदचा, २०२३-२४ चा सीझन बघा. ऑगस्टच्या एकाच आठवड्यात कोर्त्वा आणि मिलिताओ दोघांचं एसीएल (गुडघ्यातलं लिगामेंट) गेलं, डिसेंबरमधे अलाबाचंही एसीएल. म्हणजे पहिला गोलकीपर आणि दोन मेन स्टॉपर गेले, तुमच्यापेक्षा कमी आहे का हे? गोलकीपर म्हणून केपा लोनवर आणला खरा पण जानेवारीत स्टॉपर एकही घेतला नाही. रुडिगर होता, म्हातारा होत आलेला नाचो होता, गरज पडली की च्वामेनी मागे. लीग ९५ पॉइंट्सनी जिंकली, फक्त एक मॅच हरून, आणि चॅम्पियन्स लीगही घेतली.

तेव्हा डोकी मोजून काही होत नाही हो. बेन्झेमा क्लब सोडून गेल्यावर नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरला, कोण आणला तर होसेलू, ज्याचा एस्पान्योल नुकताच खालच्या लीगमधे गेला होता, आणि तोही लोनवर. लोक हसले. त्याच माणसाने बायर्नविरुद्ध सेमीफायनलला ८८व्या मिनिटापासून पुढच्या तीनचार मिनिटांत दोन गोल मारून टीम फायनलला वेम्बलीला नेली. आपण बेंचवर बसणार हे माहीत असून ज्याला त्यात कमीपणा वाटत नाही असा माणूस शोधायला अक्कल लागते, नुसती यादी लांब करून तो मिळत नाही.

अलका_ते_अॅनफिल्ड

पण साहेब तुम्ही माझाच मुद्दा मांडताय! रुडिगर, नाचो, च्वामेनी, लुनिन हे सगळे आधीपासून टीममधे होते म्हणूनच जानेवारीत बाजारात जावं लागलं नाही. मँचेस्टर सिटीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमधे दोन किक अडवणारा लुनिन मुळात दुसऱ्या नंबरचा गोलकीपर. डेप्थ म्हणजे तेच की.

सिटी_बाणेर

दोघांनीही एक गोष्ट सोडलीये. काही खेळाडूंना डेप्थ नसतेच. २२ सप्टेंबर २०२४, आर्सेनलविरुद्ध आमच्या सिटीच्या रॉड्रीचा गुडघा गेला (पाचच दिवस आधी तो म्हणाला होता की मॅच इतक्या वाढल्यात की खेळाडू संपाच्या जवळ आलेत). त्यानंतर ऑक्टोबरच्या शेवटापासून आम्ही लागोपाठ पाच मॅच हरलो. सलग चार वर्षं चॅम्पियन असलेली टीम तिसरी आली.

आणि क्लबने विचार केला नव्हता असं नाही बरं का. रॉड्रीला पर्याय म्हणूनच २०२२ ला लीड्सचा कॅल्विन फिलिप्स चार कोटी पाउंडांच्या वर देऊन घेतला होता, म्हणजे अलकावाले म्हणतात तस्संच केलं. काय झालं? दीड वर्ष बसून राहिला, लीगमधे सुरुवातीपासून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मॅच, मग वेस्ट हॅमला लोन, आणि रॉड्री पडला तेव्हा फिलिप्स इप्सविचकडे लोनवर होता. खेळायला न मिळालेला खेळाडू गंजतो. ज्या कोचचं पहिल्या अकरावर प्रेम आहे त्याला तुम्ही तीस जण द्या, तो तेरा-चौदाच वापरणार. आमचा कोच पेप ग्वार्डिओलाने तर मे २०२५ मधे उघड सांगितलं की एवढे खेळाडू घरी बसवून ठेवायचे असतील तर मी थांबणार नाही, स्क्वॉड लहान करा. रोज सकाळी सहासात जणांना तू आज नाहीस हे सांगणं सोपं नसतं, आणि ते ड्रेसिंग रूम नासवतं.

बालेवाडी_ईस्टस्टँड

सगळे इंग्लंड-स्पेनमधेच फिरताय, जरा आपल्याकडे या. एफसी पुणे सिटीच्या मॅचना २०१४ पासून क्लब हैदराबादला जाईपर्यंत बालेवाडीला जात होतो. २०१६ ला आपला मार्की, म्हणजे मोठ्या नावाचा स्टार, कोण होता आठवतंय? गुडयॉनसन! चेल्सी-बार्सिलोना खेळलेला माणूस पुण्यात येणार म्हणून आम्ही ऑफिसात सगळ्यांना सांगत सुटलेलो, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच दुखापतीने बाहेर, ऐनवेळी सिसोको आणला. स्ट्रायकरच्या जागी मिडफिल्डर. तेव्हाच कळलं की एकाच मोठ्या नावावर सगळा डाव लावला की काय होतं.

आयएसएलमधे (इंडियन सुपर लीग) तर अडचण वेगळीच आहे. परदेशी सहाच ठेवता येतात, मैदानावर चार. तुमच्याकडे कितीही पैसे असले तरी सातवा ठेवता येत नाही. केरला ब्लास्टर्स २०२३-२४ बघा, सोतिरिओ प्री-सीझनमधेच गेला, डिसेंबरमधे कॅप्टन लुना गेला, जानेवारीत पेपरा. वर्ष संपलं तेव्हा १२ मॅचमधे २६ पॉइंट्स घेऊन टेबलवर पहिले होते, उरलेल्या १० मॅचमधे जेमतेम ७ मिळाले, पाचवे आले आणि ओडिशाकडून नॉकआउटमधे बाहेर. म्हणून माझं म्हणणं, आपल्याकडे डेप्थ म्हणजे भारतीय पोरं. परदेशी स्ट्रायकर पडल्यावर बावीस वर्षांच्या भारतीय पोराला नऊ नंबरला खेळवायची हिंमत कोचमधे पाहिजे, आणि ती त्याला आधी वीस-वीस मिनिटं देऊनच येते. आपण इथे पुणे एफसीची अकॅडमी बघितली, डीएसके शिवाजियन्सची लिव्हरपूलशी जोडलेली अकॅडमी बघितली, आज क्लबच राहिले नाहीत, मग डेप्थ येणार कुठून?

कोथरूडचा_माद्रिदिस्ता

हे मात्र शंभर टक्के. फक्त एक आठवण, अल हिलाल मुंबई सिटीविरुद्ध खेळायला आली तेव्हा आम्ही इथून डी. वाय. पाटीलला गेलेलो, तिकिटं काढलेली नेमारसाठी आणि त्याचा गुडघा तीन आठवडे आधीच उरुग्वेविरुद्ध गेलेला. तरी २-० जिंकले. त्या वर्षी त्यांनी सौदी लीग एकही मॅच न हरता घेतली, जवळजवळ सगळा सीझन नेमारशिवाय. पण तो पैसा आहे, त्यातून बाकीच्यांनी काय शिकायचं?

खडकी_लेफ्टबॅक

मी टीव्हीवरच्या टीमबद्दल फार बोलत नाही, जिल्हा लीगमधे खेळतो तेवढंच सांगतो. आमच्या क्लबची नावं बावीस-तेवीस रजिस्टर असतात, रविवारी सकाळी ग्राउंडवर तेरा येतात. कोणाची फॅक्टरीत सेकंड शिफ्ट झालेली असते, कोणाचं लग्न, कोणाची परीक्षा. मागच्या वर्षी आमच्या स्टॉपरचा, १९ वर्षांचं पोरगं, गुडघा मुरगळला. एमआरआयमधे लिगामेंट अर्धवट फाटलेलं दिसलं, डॉक्टरांनी तीन महिने पळायचं नाही सांगितलं. सहाव्या आठवड्यात आमची मॅच होती, हरलो तर खालच्या डिव्हिजनला जाणार अशी, आणि मागे उभं राहायला दुसरा माणूस नव्हता. फोन मी केला. तो म्हणाला दादा आता दुखत नाहीये, पट्टी बांधून उभा राहतो. वीस मिनिटं खेळला, एकटाच वळला, कोणी हातसुद्धा लावला नाही, आणि खाली बसला. पूर्ण फाटलं. मॅच आम्ही वाचवली, ड्रॉ झाली.

त्याच्या आईला काय सांगायचं ते अजून मला सुचलेलं नाही. सिटीवाले भाऊ म्हणतात बेंचवरचा माणूस गंजतो, बरोबर असेल, पण मला त्या दिवशी तो गंजलेला माणूस चालला असता.

फिजिओ_औंध

खडकीवाल्या दादांचं वाचून लिहायला बसले. तुम्ही सगळे डेप्थ म्हणजे किती पॉइंट्स वाचले यावर बोलताय. आमच्या बाजूने बघाल तर बेंचचं पहिलं काम हे की जखमी माणसाला जखमी राहू देणं. बदली खेळाडू नसला की सगळ्यांचं लक्ष त्या एका गुडघ्यावर, कोच विचारतो, मॅनेजर विचारतो, आणि सगळ्यात जास्त घाई स्वतः खेळाडूलाच असते, तो खोटं बोलतो, दुखत नाही म्हणतो. एसीएलचं ऑपरेशन झाल्यावर नऊ महिन्यांच्या आत परत उतरणाऱ्यांना पुन्हा गुडघा जायचा धोका बराच जास्त असतो, हे आम्ही रोज सांगतो आणि रोज कोणीतरी सातव्या महिन्यात टर्फवर जातो.

दुसरं, जखमा होतात आणि मग बेंच लागतो, एवढं सरळ ते नसतं. बेंच नसतो म्हणूनही जखमा होतात. तेच तेच अकरा जण तीन-तीन दिवसांनी खेळले की स्नायू बोलतो. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा युएफाचा २००१ पासून चाललेला अभ्यास आहे, त्यात एकूण दुखापतींमधे हॅमस्ट्रिंगचा वाटा सुरुवातीला १२ टक्के होता तो २०२१-२२ पर्यंत २४ टक्के झाला, म्हणजे दुप्पट. त्यामागे खेळ वेगवान झाला हे आहेच आणि मॅचची गर्दीही आहे.

बायकांच्या फुटबॉलबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून सांगते. आर्सेनलच्या २०२२-२३ च्या महिला टीमच्या चौघींचं एसीएल एकाच सीझनमधे गेलं, मीड, मिडेमा, विल्यमसन आणि, सेमीफायनलच्या दुसऱ्या मॅचमधेच, वीनरॉयटर. तरी चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलपर्यंत गेल्या आणि वोल्फ्सबुर्गकडून दोन मॅच मिळून ५-४ असं एक्स्ट्रा टाइममधे हरल्या. लोकांनी खूप कौतुक केलं. मला कौतुकापेक्षा त्या उरलेल्यांची काळजी वाटत होती, कारण त्यांना बाहेर काढून बसवायला कोणी नव्हतंच.

सिटी_बाणेर

ताई, हे मी या बाजूने कधी बघितलं नव्हतं. पण मग उत्तर मोठा स्क्वॉड आहे की कमी मॅच? फिफा, युएफा दरवर्षी मॅच वाढवणार आणि क्लबांनी माणसं विकत घेत राहायचं, म्हणजे जो श्रीमंत तोच टिकणार. प्रीमियर लीगमधे यादी २५ ची, २१ च्या आतले कितीही, पण त्या पंचविसांचे पगार २०२३-२४ ला एकच वर्ष वर आलेल्या ल्यूटनसारख्या क्लबने कुठून द्यायचे? मी तरी म्हणेन मॅच कमी करा, मग बेंचचं बघू.

अलका_ते_अॅनफिल्ड

मॅच कमी व्हायला पाहिजेत यात वादच नाही, पण त्या होईपर्यंत काय करायचं? फिलिप्सबद्दल तुमचं ऐकून घेतो, पर्याय नुसता विकत घेऊन ठेवला आणि खेळवलाच नाही तर पैसे पाण्यात. सुरुवातीच्या पोस्टमधे मी हे धरलंच नव्हतं. एका मॅचमधे पाच सब (बदल्या) मिळतात तर त्या नीट वापराव्यात. २०२०-२१ ला प्रीमियर लीगने तीनच ठेवल्या होत्या, बाकी युरोपात पाच, आणि आमचा तेव्हाचा कोच क्लॉप त्यावर ओरडत होता तेव्हा लोक त्याला रडका म्हणत होते, ते चूकच होतं.

पण एक सांगतो, त्या सीझनच्या शेवटी आम्हाला कोणी वाचवलं? नॅट फिलिप्स आणि रीस विल्यम्स. क्लबातच असलेली दोन पोरं, ज्यांना ऑक्टोबरमधे कोणी ओळखत नव्हतं. ते मागे उभे राहिले, फाबिन्यो परत मिडफिल्डला गेला आणि टीम पुन्हा टीमसारखी दिसायला लागली, ६९ पॉइंट्स, तिसरे. म्हणजे माणसं घरात होती, विश्वास टाकायला मार्च उजाडला. तरी लव्हरेनच्या जागी कोणीतरी घ्यायला हवा होता यावरून मी हटणार नाही.

कोथरूडचा_माद्रिदिस्ता

हटू नका, पण मग तुमच्या धाग्याचं नाव बदला. बेंच रिकामा नव्हता, बेंचकडे कोणी बघितलं नाही.

खडकी_लेफ्टबॅक

ताई, तुमचं लिहिलेलं त्या पोराला वाचायला दिलं. ऑपरेशन होऊन आता चौथा महिना आहे. नऊ महिने म्हटल्यावर तोंड पाडलं पण काही बोलला नाही. यंदा आम्ही दोन स्टॉपर जास्त घेतलेत, त्यातला एक १७ चा, हेडिंगला डोळे मिटतो. काल सरावाला हा बाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याला ओरडून सांगत होता, आधी खांदा लाव मग उडी मार, बॉल बघ, माणूस बघू नकोस. अंधार पडेपर्यंत चाललं होतं.