मधेच सुटलेलं परत कसं धरलंत? अनुभव सांगा

आज कपाट आवरताना जुनी वही सापडली. मागच्या पानावर पेनाने आखलेले चौकोन, ९ आठवडे, आठवड्याला ३. काउच टू फाइव्ह-के, म्हणजे चालत-पळत सुरुवात करून शेवटी अर्धा तास सलग पळायचं. पाचव्या आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी थेट २० मिनिटं न थांबता पळायचं असतं आणि मी पळाले, तिथली खूण इतकी जोरात केलीय की कागद फाटलाय. त्यापुढे सगळं कोरं. नडग्या दुखायला लागल्या म्हणून दोन आठवडे थांबले, त्याचे आठ महिने झाले. पाय कधीच बरे झाले होते हो, पण वही उघडली की ते रिकामे चौकोन दिसायचे आणि वही बंद व्हायची. शेवटी नवीन पान घेतलं, तिसऱ्या आठवड्यापासून परत सुरू केलं आणि तारखा लिहिल्याच नाहीत, फक्त कितव्यांदा पळाले तो आकडा. आकड्यांत खाडा दिसत नाही ना! मग पूर्ण केलं. मघापासून वही घेऊन जमिनीवरच बसलेय, म्हटलं विचारावं, तुमचं काय सुटलं होतं?

—

पोहणं. वयाच्या ४३व्या वर्षी शिकायला गेलो, सोबत सगळी आठ-नऊ वर्षांची पोरं, ती चार दिवसांत सुळकन पलीकडे आणि मी कठड्याला धरून, एकदा नाकातोंडात पाणी गेलं आणि घाबरून जे बाहेर आलो ते वर्षभर फिरकलो नाही. परत गेलो तेव्हा दुसरे सर होते, त्यांनी पोहायला लावलंच नाही, नुसतं पाण्यात तोंड घालून बुडबुडे काढायला लावले आठवडाभर. तेव्हा कळलं की मी पाण्याखाली श्वास सोडतच नव्हतो, कोंडून धरायचो आणि डोकं वर काढलं की सोडणं आणि घेणं दोन्ही एकदम करायला बघायचो, मग पाणी जाणारच. हे आधी कुणी सांगितलं असतं तर वर्ष वाचलं असतं!

—

ताई, नडगीसाठी काय केलंत? माझंही तेच चाललंय सध्या, डावीकडे जास्त.

—

सिगारेट. ११ महिने सोडलेली. वडील गेले त्या रात्री एक ओढली. दुसऱ्या दिवशी वाटलं आता संपलंच सगळं, मग कशाला आवरायचं, आणि पंधरा दिवसांत पाकिटावर आलो. बहिणीने एक वाक्य सांगितलं ते अजून लक्षात आहे, "अरे ते ११ महिने तू जगलास ना, ते कोण परत घेणार?" तेव्हा रडलो होतो. परत सोडली. यावेळी एक ठरवून ठेवलंय, हुक्की आली की घराबाहेर पडायचं आणि बहिणीला फोन लावायचा, वेळ कुठलीही असो. ती उचलते.

—

दादा, वाचून गलबलून आलं. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

—

ते २१ दिवसांत सवय लागते म्हणतात ना, ते मनावर घेऊ नका कुणी. मूळ १९६० सालचं एका प्लास्टिक सर्जनचं निरीक्षण, की पेशंटला बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळून पडलं आणि आकडा तेवढा राहिला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर खरा अभ्यास झाला, २०१०मध्ये छापून आलाय, त्यात सवय अंगवळणी पडायला मध्यक, म्हणजे निम्म्यांना याहून कमी आणि निम्म्यांना जास्त, ६६ दिवस निघाला आणि फरक केवढा तर १८ पासून २५४ पर्यंत. आणि मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही हेही त्यातच दिसलं. मी २२व्या दिवशी व्यायाम सोडून दिला होता, म्हटलं आपल्यात काहीतरी कमी आहे. तो आकडा मला फार महाग पडला म्हणून एवढं लिहितेय.

—

२५४!! बरं वाटलं वाचून.

—

वहीत लिहिता की अ‍ॅपवर? मी भाषा शिकत होते अ‍ॅपवर, ४०० च्या वर दिवसांची स्ट्रीक होती, म्हणजे एकही दिवस न चुकवता सलग, मुलगा तापाने फणफणलेला त्या रात्री राहिलं आणि सकाळी बघते तर शून्य. इतका राग आला की अ‍ॅपच काढून टाकलं. भाषा मात्र येतेच की मला, परवा एक अख्खी गोष्ट वाचली डिक्शनरी न उघडता. थांबा, बेल वाजतेय, नंतर लिहिते

—

वहीच बरी.

—

नडगीबद्दल विचारलं त्यांना: मी आधी विश्रांती घेतली, मग हळूहळू वाढवत नेलं, डांबरी सोडून मातीवर पळायला लागले आणि झिजलेले बूट बदलले. पण एका जागी बोट ठेवल्यावर टोचल्यासारखं दुखत असेल किंवा नुसतं बसलेलं असतानाही ठणकत असेल तर पळू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक चीर असू शकते.

—

दाखवतो उद्याच. बोट ठेवलं की दुखतंय खरं.

—

मी दोनदा स्टॅटिस्टिक्समध्ये नापास, तिसऱ्यांदा फॉर्म भरायचा की नाही हे आठवडाभर चाललेलं. शेवटची तारीख आज. वरचं सगळं वाचलं. फॉर्म भरला आत्ता.

—

भरलात ना! कुठला टॉपिक अडतो ते लिहा, मी शिकवते तोच विषय, रात्री नऊनंतर मोकळी असते.

—

प्रोबॅबिलिटी. नऊला येते.