दोन कठीण सरावांमधले ४८ तास: आपण नेमके कुठे चुकतो?

पायवाट:
आमच्या धावण्याच्या गटात गेले तीन महिने एकच गोष्ट बघतोय, म्हणून हा धागा. मंगळवारी इंटरव्हल (मध्ये थोडी विश्रांती घेत जोरात मारलेल्या फेऱ्या), गुरुवारी टेम्पो (सलग जोरकस वेगाने धावणं). मधला बुधवार कागदावर ‘इझी’. प्रत्यक्षात बुधवारी सगळे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून धावतात आणि पाचव्या किलोमीटरनंतर बोलणं बंद होतं. मग गुरुवारी टेम्पो निम्म्यात सुटतो. संध्याकाळी चर्चा कशाची, तर मसाज गन कुठली घ्यावी, बर्फाच्या पाण्यात किती वेळ बसावं, कुठली पावडर चांगली.

माझं मत असं: रिकव्हरी म्हणजे मुख्यतः तीनच गोष्टी. सोपा दिवस किती सोपा ठेवला, किती झोपलात, किती खाल्लंत. बाकी सगळं मिळून उरलेली चिल्लर.

‘काल लॅक्टिक ॲसिड साठलंय, आज जरा धावून काढून टाकतो’ हे वाक्य तर आता पुरे. रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे त्याच आम्लाचं रूप, साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या स्नायूतंतूंना झालेल्या बारीक इजेमुळे, आणि ते दुखणं २४ ते ७२ तासांत सगळ्यात जास्त असतं. उतारावर जोरात धावून आल्यावर हे चांगलंच कळतं, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, दीर्घ, जोरदार सरावात बरंचसं रिकामं होतं. ते पुन्हा भरायला व्यवस्थित खाऊनही जवळपास पूर्ण दिवस लागतो. म्हणजे बुधवारी तुम्ही टाकी भरत असता. त्याच दिवशी नळ उघडा ठेवला तर गुरुवारी काय उरणार?

मला सगळ्यात पटलेला पुरावा व्यायामशास्त्राचे संशोधक स्टीफन सायलर यांच्या २००७च्या अभ्यासातला. मुरलेल्या खेळाडूंनी पहिल्या थ्रेशहोल्डच्या (जिथून श्वास जड होऊन बोलणं अवघड होऊ लागतं ती रेषा) खाली अगदी दोन तास काढले, तरी हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला चढउतार, म्हणजे एचआरव्ही, पाच-दहा मिनिटांत जागेवर आला. त्या रेषेच्या वर गेले की मात्र तो लांबला. आणि थ्रेशहोल्डला धावा किंवा त्याहून जोरात, उशीर जवळपास सारखाच. म्हणजे मज्जासंस्थेच्या लेखी ‘मध्यम’ असं काही नाही. आपला बुधवार मध्यम नसतो, तो तिसरा कठीण दिवस असतो.

मी स्वतः मागच्या हंगामात बुधवारी हृदयाच्या मिनिटाला १५० ठोक्यांवर धावत होतो. ते १३० च्या आसपास आणलं. पहिले दोन आठवडे लोक मागे टाकून जायचे तेव्हा जीव तुटायचा. चौथ्या आठवड्यात मंगळवारचं शेवटचं इंटरव्हल पहिल्याइतक्याच वेळात आलं. वर्षभर ते मला जमलं नव्हतं.

चढण:
असहमत. आणि जरा कळकळीनेच असहमत, कारण या विश्रांतीच्या पूजेमुळे बरेच जण आपल्या क्षमतेपर्यंत पोचतच नाहीत असं मला वाटतं.

थकवा हा शत्रू नाही, तोच सराव आहे. शरीर बदलतं ते त्याला बदलायला भाग पाडलं म्हणून. दमलेल्या पायांवर धावणं हे वेगळं कौशल्य आहे आणि मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये तेच लागतं. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक रोज ४०० मीटरच्या फेऱ्यांवर फेऱ्या मारायचा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन, तिन्ही सुवर्णं त्याचीच. मॅरेथॉन तर तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता. आजचे नॉर्वेजियन धावपटू एकाच दिवशी सकाळ-संध्याकाळ दोनदा थ्रेशहोल्ड करतात. ४८ तास सोडा, मध्ये काही तासच असतात.

पाय ताजे वाटले तरच जोर लावायचा असं ठरवलं, तर महिन्यातले चार दिवस सराव होईल.

पायवाट:
@चढण, नॉर्वेचं उदाहरण तुमच्या नव्हे, माझ्या बाजूचं आहे. दिवसातून दोनदा थ्रेशहोल्ड त्यांना झेपतो, कारण ते कानाच्या पाळीतून किंवा बोटातून रक्ताचा थेंब काढून लॅक्टेट मोजतात आणि आकडा वर सरकला की वेग कमी करतात. सगळी पद्धत उभी आहे ती स्वतःला आवरण्यावर. बुधवारी गटात धावताना आपल्यापैकी एकाने तरी कधी स्वतःला आवरलंय?

झाटोपेकबद्दल आदर पूर्ण आहे. पण एका असामान्य माणसाला जे झेपलं ते बाकीच्यांसाठी नियम होत नाही. तसलाच सराव करून मोडलेल्यांची नावं आपल्याला माहीतच नसतात.

पेडलवाला:
मी सायकलवरचा माणूस. पायवाट यांचं बरंचसं पटतं, पण ‘बाकी सगळी चिल्लर’ हे सरसकट आहे. दोन सरावांमध्ये किती तास आहेत यावर सगळं ठरतं.

पुढचा सराव चोवीस तासांनी असेल तर दिवसभरात एकूण किती कर्बोदकं गेली हे महत्त्वाचं, पहिल्या अर्ध्या तासात गेली की दोन तासांनी याने फार फरक पडत नाही. पण मध्ये आठ तासांपेक्षा कमी असतील, किंवा बहुदिवसीय शर्यत असेल, तर वेळ हेच सगळं. तेव्हा पहिले चार तास, दर तासाला, वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम कर्बोदकं. ६० किलोच्या माणसाला तासाला साधारण ६० ते ७० ग्रॅम. भूक लागायची वाट बघत बसलात तर ते होत नाही. पाण्याचंही तसंच. सरावाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं असेल तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, आणि त्यासोबत मीठ. नुसतं पाणी ढोसलं तर त्यातलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं.

बर्फाच्या पाण्याचंही असंच. १० ते १५ अंशांचं पाणी, १० ते १५ मिनिटं. अंगदुखी कमी होते हे खरं आहे. उद्या पुन्हा शर्यत आहे तर मी बसतो. पण ताकदीच्या व्यायामानंतर बसू नका. २०१५ मध्ये बारा आठवड्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात दर व्यायामानंतर थंड पाण्यात बसणाऱ्यांची स्नायूंची वाढ आणि ताकद दोन्ही इतरांपेक्षा कमी भरली. तेव्हा हंगाम बघून वापरायचं हत्यार आहे ते, रोजचा नेम नव्हे.

संथ_पाणी:
एक छोटी भर. दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणारे माझ्या ओळखीत बरेच आहेत. वेस्टर्न स्टेट्स या १६० किलोमीटरच्या शर्यतीत अभ्यास झालाय. गोळी घेणाऱ्यांचं दुखणं कमी नव्हतंच, उलट रक्तातल्या दाहाच्या खुणा जास्त होत्या. शिवाय अंगातलं पाणी कमी असताना ती गोळी मूत्रपिंडांवर भार टाकते. कृपया नका घेऊ.

सोनचाफा:
पायवाट, तुमच्या धाग्यात ‘किती खाल्लंत’ हे दोन शब्द आहेत, तेही शेवटी. माझ्यासाठी सगळी गोष्ट तिथेच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

दोन वर्षांपूर्वी मी वजन उतरवत होते. आठवड्याला ७० किलोमीटर, इझी दिवस अगदी पुस्तकात लिहिल्यासारखे इझी, झोप आठ तास. तरी पाय कायम जड. पाळी पाच महिने आली नाही. आजूबाजूच्या धावणाऱ्या बायका म्हणाल्या, ‘सराव जोरात चाललाय म्हणजे, होतं असं.’ नडगीच्या हाडाला बारीक तडा गेला तेव्हा डोळे उघडले.

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये याला नाव दिलं, रेड-एस. खेळात जी ऊर्जा खर्च होते ती वजा करून उरलेली ऊर्जा शरीराला स्वतःचं काम चालवायला पुरत नाही, अशी अवस्था. हिशोब साधा आहे. माझं चरबी सोडून वजन ४५ किलो होतं. खाणं २,००० कॅलरींचं, धावण्यात ९०० खर्च. उरल्या १,१००. भागिले ४५, म्हणजे किलोमागे चोवीसच्या आसपास. ३० च्या खाली बराच काळ राहिलं की हाडं, संप्रेरकं, प्रतिकारशक्ती सगळीकडे काटकसर सुरू होते, हे मला नंतर समजलं. ही रेषा प्रत्येकीची नेमकी तिथेच असते असं नाही, पण मी कुठे होते ते स्पष्ट होतं. आणि मी तर पोटभर जेवत होते! जोरदार सरावानंतर भूक मरते, त्यामुळे ‘पोट भरलं’ हे माप फसवं आहे.

पुरुषांनाही हे होतं. त्यांना पाळीसारखी उघड खूण नसते, म्हणून उशिरा कळतं. कुणाची पाळी थांबली असेल तर ‘होतं असं’ म्हणू नका, डॉक्टरकडे पाठवा. एवढीच विनंती.

उत्तररात्र:
आणि झोपेबद्दल मी बोलतो. घरी दोन वर्षांचं मूल, कामाच्या पाळ्या बदलत्या. मला सलग पाच तास मिळाले तर तो सण. ‘आठ तास झोपा’ हा सल्ला वाचला की वाटतं, या खेळात आपल्याला जागाच नाही.

माझ्या प्रशिक्षकांनी वेगळा मार्ग काढला. तीन कठीण दिवसांचे दोन केले, आणि त्यांचे वार ठरवले नाहीत. बरी झोप झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी कठीण सराव. दुपारी जमेल तेव्हा वीस-तीस मिनिटांची डुलकी. ‘चिल्लर’ म्हणून बाजूला सारलेलं घड्याळ इथे मला उपयोगी पडतं. रोज सकाळी उठल्याउठल्या एचआरव्ही मोजतो. एका दिवसाचा आकडा मनावर घेत नाही, सात दिवसांची सरासरी खाली घसरली तर कठीण सराव पुढे ढकलतो. मी इतका सतत थकलेला असतो की कुठला थकवा सरावाचा आणि कुठला घरचा, हे मला आतून कळेनासं झालंय.

चढण:
@सोनचाफा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. ‘होतं असं’ म्हणणाऱ्यांत मीही असेन कधीतरी. मनापासून माफ करा.

@उत्तररात्र, घड्याळाशिवाय एक माप सांगतो, मी कित्येक वर्षं वापरतोय. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने स्वतःला विचारायचं, शून्य ते दहात किती कठीण गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. साठ मिनिटं, कठीणपणा ५, म्हणजे ३००. व्यायामशास्त्राचे संशोधक कार्ल फॉस्टर यांची पद्धत आहे. त्यांचंच आणखी एक माप आहे, एकसुरीपणाचं. आठवड्याची रोजची सरासरी भागिले रोजच्या आकड्यांतला फरक, म्हणजे प्रमाण विचलन. सगळे दिवस एकसारखे असतील तर हा आकडा फुगतो, आणि आजारपणाशी त्याचा संबंध त्यांना दिसला.

हे लिहिताना माझीच वही काढली. मागचा आठवडा, सोमवारपासून: ४२०, ४५०, ३९०, ४१०, ३८०, ४६०, ०. रविवार सोडला तर सगळं एका पातळीवर. बुधवारचा ३९० बघून जरा थांबलो.

पायवाट:
मूळ धाग्यात खाणं शेवटी टाकलं ती माझी चूक. सोनचाफा, तुम्ही लिहिलंत ते पहिल्या क्रमांकावर हवं होतं. पेडलवाला यांचा तासांचा मुद्दाही मान्य, माझ्या डोक्यात फक्त आमच्या गटाचं वेळापत्रक होतं. उत्तररात्र, झोपेबद्दल मी फार सहज लिहून गेलो.

बुधवारच्या वेगाबद्दल मात्र एक पाऊलही मागे येणार नाही. @चढण, तुमच्या वहीतला तो ३९० दीडशेवर आणून बघाल का? चार आठवडे. वेळ पन्नास मिनिटं, कठीणपणा ३, पूर्ण वाक्यं बोलता येतील असा वेग.

चढण:
बघतो. पण अट अशी की मंगळवार आणि गुरुवारचा जोर मी कमी करणार नाही, उलट वाटलं तर वाढवेन. दमलेल्या पायांवरचा लाँग रन शनिवारी राहीलच, त्यावरचं माझं मत बदललेलं नाही. माप शेवटच्या इंटरव्हलचंच धरू: १,००० मीटर सहा वेळा, पहिल्या आणि सहाव्यातला फरक. सध्या तो ११ सेकंद आहे. चार आठवड्यांनी इथेच आकडा टाकतो, कमी झाला तरी आणि नाही झाला तरी.

बुधवारी गटासोबत धावणार नाही, एकटाच जाईन. गटात असलो की मला ते जमत नाही.